धुऱ्यावरून पाहणारा माणूस

एकोणीसशे साठनंतरची गोष्ट. तेल्हाऱ्याजवळच्या एका खेड्यात मी ग्रामसेवक होतो. घर अमरावतीला, वय बावीस. भाड्याची एक खोली, आणि सकाळ-संध्याकाळ स्वतःच थापलेली भाकर. लोक मला ‘साहेब’ म्हणत आणि मी पाराजवळ गेलो की बोलणं थांबवत.

पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारायचं औषध तेव्हा नवीनच आलं होतं. नाकातोंडाला फडकं बांधा, वाऱ्याकडे पाठ करा, हात धुतल्याशिवाय विडी पेटवू नका, हे मी शेतोशेती सांगत फिरायचो. लोक हसायचे.

“तोंड बांधून कुठं डाका टाकाले चालले, साहेब?”

ऐकलं ते एकाच माणसानं. चाळिशीचा, विधुर, गावाच्या कडेला चार एकराचं शेत. मी सांगितलं त्या दिवसापासून तो दुपट्टा बांधूनच पंप उचलायचा. लोक त्याचीही टर उडवायचे. तो आपला पंप मारत राहायचा.

एके दिवशी त्याच्या शेजारच्या शेतात पाच-सहा जण फवारणी करत होते. मी नेहमीचं सांगू लागलो, तर एक जण म्हणाला, “एक डाव उघड्या तोंडानं मारून दाखवा. मंग समजू का तुमी आमचेच हा.”

मी तोंडावरचा रुमाल सोडला आणि पऱ्हाटीची दोन तासं, म्हणजे दोन ओळी, फवारली. सगळे खूश झाले. मला झाडाखाली बसवून त्यांनी भाकर आणि ठेचा दिला. चार महिन्यांत पहिल्यांदा मी कोणाबरोबर जेवत होतो. दोन शेतांमधल्या धुऱ्यावर, बांधावर, तो दुपट्टेवाला उभा होता, आमच्याकडे पाहत. मी त्याला हाकही मारली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आपल्या शेतात फवारताना कोसळला. ओकाऱ्या, अंगाला दरदरून घाम, तोंडाला फेस. त्याला बैलबंडीत घालून आम्ही तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. वाटभर त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तिसऱ्या दिवशी तो शुद्धीवर आला.

“दुपट्टा काहून नाही बांधला?” मी विचारलं. शहरात सुटलेली ही बोली एवढ्या दिवसांत पुन्हा माझ्या तोंडी बसली होती.

“तुमीच तं सोडला होता ना रुमाल,” तो म्हणाला. “मले वाटलं, सायबानं सोडला म्हंजे चालते.”

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

गावात परतलो तो थेट पारावर गेलो. “चूक माझी आहे,” मी सगळ्यांसमोर सांगितलं. “तुमच्यासोबत जेवायला मिळावं म्हणून मी रुमाल सोडला.” त्या दिवशी मला भाकर देणाऱ्यांतला एक जण खाली मान घालून माती उकरत राहिला.

त्या हंगामापासून गाव तोंड बांधू लागलं. तालुक्याचे अधिकारी येऊन पाहून गेले, माझी पाठ थोपटून गेले. पण झाडाखाली मला पुन्हा कोणी बोलावलं नाही. कदाचित त्यांना माझ्याकडे पाहून स्वतःची लाज वाटत असावी. मला तरी तसं मानायला आवडतं. त्याच्या शेतात मी बरेचदा जायचो. तो पाणी द्यायचा, पऱ्हाटीचं सांगायचा, आणि मग दुपट्टा बांधून पुन्हा कामाला लागायचा.

दोन वर्षांनी माझी मूर्तिजापूरकडे बदली झाली. सकाळी बंडी आली. ट्रंक मीच उचलून तिच्यात ठेवली आणि खोलीची किल्ली शेजारी देऊन निघालो.