हिराची मिटलेली मूठ

समुद्रावरून घरी आल्यावर पदर कितीही झटका, वाळू पुढे गादीत, डब्यात, कुठंही सापडत राहते. माझ्या क्लासचे किस्से तसेच. मी गोळा करत नाही, सापडत जातात.

नागावात एका होमस्टेची जेवणाची खोली आहे. दुपारी पाहुणे बीचवर गेले की आम्ही बायका टेबलं सरकवून चटया टाकतो. जे दुःख तोंडाने सांगता येत नाही ते अंगात कुठंतरी अडकून बसतं. त्याला तिथंच हात घालायचा. श्वास, थरथर, चोळणं, ढकलणं. जन्मभर बाळंतिणींना मालिश केली, बाकीचं मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकले. सर्टिफिकेट नाही. कुणी मागितलंच तर म्हणते, "आडवी हो, दाखवते!"

*

निर्मला किहीमला कॉटेजवर स्वयंपाक करते. पहिल्या दिवशी तिला म्हटलं, "डोळे मिट, श्वास सोड. आता तुझ्यावर कुणाचा भार नाही." मी पुढचं बोलायच्या आत बाई घोरायला लागली! सगळ्या हसून लोळल्या.

जागी झाली ती दचकूनच. "काकी, वाजले किती? सासूची कूस कुणी बदलली?"

सासू अंथरुणाला खिळलेली. मी म्हटलं, "एक दिवस तुझा नवरा बदलेल कूस."

यावर ती एवढी हसली, एवढी हसली, की बाकीच्यांचं हसणं थांबलं.

*

हिरा कोळीवाड्यातली. बोट परत आली, नवरा आला नाही. लाटेनं ओढून नेला. बंदरावर तिला हे सांगितलं तेव्हा तिची उजवी मूठ मिटली, ती मिटलीच. डॉक्टर म्हणाले, हाडं ठीक, नसा ठीक. ठीक असून उपयोग काय? मासळी कापायची कशी? टोपली घरात पालथी.

त्यात सासरचे मागे लागलेले. प्रेत मिळालं नाही, तर दर्भाचा पुतळा करू, त्याला अग्नी देऊ, जिवाला गती मिळेल. हिरा एकच बोलायची, "मी न्हाय देणार."

मग गावात उठलं की मुठीत सोनं आहे! दीर थेट क्लासच्या दारात. "वैनी, दादाची अंगठी हाय का तुझ्या मुठीत?"

"अंगठी कशाला? अख्खं बंदर हाय! ये, काढ!"

आल्या पावली परत गेला.

*

आमच्याकडे एक प्रकार आहे. भिंतीला तळवे लावायचे, सगळ्या ताकदीनं ढकलायचं आणि ओरडायचं, "नको!"

सुशीला आतल्या गावातली, घरची भातशेती. तिनं भिंतीला असे हात लावले, जसं कुंकू लावते आहे. आणि पुटपुटली, "नको..."

"अगं, आमटी वाढतंय का कुणी तुला? जोरात!"

हशा पिकला. सुशीला वळली. तिच्या दंडावर हिरवे-निळे डाग होते, ते तिनं झाकलेही नाहीत.

"काकी, जोरात बोलून बघितलंय. त्या दिवशी मार जास्त पडला."

त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी मिळून ती भिंत ढकलली. होमस्टेवाला धावत आला, "पाडताय का काय!"

*

थरथरीचा किस्सा तर गावभर गाजला. पाय हलवत हलवत सगळं अंग कापू द्यायचं. निर्मला कापत होती, केस सुटलेले. खिडकीतून नारळवाडीतल्या यमुनाबाईंनी बघितलं आणि हळदकुंकू, नारळ घेऊन आत! निर्मलाच्या पायाशी बसून हात जोडले. "आई, माझ्या लेकीला मूल कधी होईल?"

निर्मला डोळे मिटूनच म्हणाली, "आधी जावयाला तपासा!"

नारळ आम्ही चटणीला घेतला. जावयाला अजून कुणी तपासलेलं नाही. लेकीला मात्र माहेरी पाठवून दिली.

*

होमस्टेत मुंबईची एक मुलगी उतरली होती. ती हेच काम करते, रीतसर शिकलेली, गोड पोर. म्हणाली, "मावशी, मी बसू?" बस म्हटलं. ती हिरापुढे बसली, मिटलेल्या मुठीखाली आपला तळवा धरला.

"ताई, सोडून द्या."

"काय सोडू?"

"जे धरून ठेवलंय ते."

"धरलंय कुठं गो बाय? सुटलं म्हणून तर ही गत!"

पोरीचेच डोळे वाहायला लागले. हिरानं डाव्या हाताने तिला पदर दिला. त्या पोरीचं काय सुटलं होतं, मी विचारलं नाही.

*

शेवटी सासरच्यांनी दिवस ठरवला. हिराला विचारलंही नाही. आम्ही सगळ्या गेलो. अडवायचंच ठरवून गेलो होतो, खोटं कशाला बोलू!

अंगणात दीर आणि भटजी पुतळा बांधत होते. हिरा भिंतीला टेकून, मूठ मांडीत. बघत होती नुसती. मग उठली.

"ह्यो कोण?"

दीर म्हणाला, "वैनी, असं काय करते? दादा हाय."

"ह्यो तुझा दादा? उजवा खांदा बघ त्याचा!"

जाळं ओढून ओढून तिच्या नवऱ्याचा उजवा खांदा खाली उतरला होता. शर्टसुद्धा त्या बाजूला लोंबायचा. आणि हा दर्भाचा गडी दोन्ही खांदे ताठ करून पडलेला, शाळेच्या कवायतीतल्यासारखा.

हिरा खाली बसली. सुतळीची गाठ सोडली. दोन्ही हातांनी. दर्भ विस्कटला, छातीत आणखी भरला, उजवा खांदा तळव्यानं दाबत दाबत खाली आणला. निर्मलानं माझा दंड एवढा घट्ट धरला की कळ आली. मी तिला डोळ्यांनीच दटावलं, एक शब्द बोलू नकोस.

भटजी म्हणाले, "बाई, वेळ टळते आहे."

"टळू दे. ह्याला कुठं घाई हाय?"

तिनं सुतळी पुन्हा आवळली. तोंडावरून हात फिरवला, जिथं तोंड असायला हवं तिथून. मग दिराकडे बघितलं.

"ह्यो माजा. न्या आता."