बाईची कोकरं

वच्छलाबाई मिशनच्या दवाखान्यात तीस वर्षं आया होत्या. तिथल्या वेल्सच्या म्हाताऱ्या नर्सकडून त्यांनी एक गोष्ट उचलली, आणि निवृत्तीनंतर राळेगावकडच्या आपल्या गावी ती पोरांना इतक्यांदा सांगितली, की मोठी माणसंही ऐकायला बसू लागली.

गोष्ट मेलान्गेल नावाच्या संतिणीची. तेराशे वर्षांपूर्वी ती वेल्सच्या एका दरीत एकटी राहायची. राजाची कुत्री मागे लागलेला ससा तिच्या झग्याखाली शिरला. कुत्री मागे सरली, आणि शिकाऱ्यानं फुंकायला ओठाला लावलेलं शिंग तिथंच चिकटून बसलं. पुढे पिढ्यानपिढ्या त्या दरीत कोणी ससा मारला नाही. सशांना मेलान्गेलची कोकरं म्हणत.

गावात मग ससे ‘बाईची कोकरं’ झाले. फासे लावण्यात उकंडाचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यानंही आपले फासे विहिरीत फेकले. बाईंना याचा अभिमान होता, जरा जास्तच होता.

दोन हजार सहा साली कपाशीला भाव नव्हता, आणि पहिली पेरणीही वाया गेली. दुबार पेरलेलं उगवलं, तर कोकरांनी कोवळी रोपं खुडून खाल्ली, उकंडाची आणि बाईंचीही. उकंडा कपाळाला हात लावून बसला, पण फाशाचं नाव काढलं नाही. बाईंनी मात्र तिन्हीसांजेला, आजूबाजूला कोणी नाही बघून, आपल्या वावराच्या धुऱ्यावर, बांधाच्या गवतात, तारेचा फासा लावला.

सकाळी उकंडा दारात उभा. हातात तोच फासा.

“बाई, कोनंतरी तुमच्या वावरात लावला व्हता. ससा सोडून देल्ला म्या. आता तुमच्या वावराची राखण मीच करतो.”

खरं सांगायची हीच वेळ होती. पण बाईंचं तोंड त्या शिकाऱ्यासारखं चिकटलं. त्यांनी त्याला चहा दिला. शरमेनं त्याच्याकडे बघवेना.

आठवडाभर तो स्वतःचं वावर उघडं टाकून त्यांच्या धुऱ्यावर बसला. त्याची उरलीसुरली रोपं त्यात गेली. बाई रोज सांगायचं ठरवून जात आणि तशाच परत येत. जेवण गोड लागेना.

रविवारी पोरं जमली. मागे उकंडाही टेकला. गोष्ट शिकाऱ्यापाशी आली तशी शेजारच्या धनीबाईच्या नातीनं नेहमीसारखं विचारलं, त्या शिकाऱ्याचं नाव काय होतं? एरवी बाई म्हणत, ते काही मला माहीत नाही.

त्या दिवशी त्यांनी उकंडाकडे बघितलं.

“वच्छला,” त्या म्हणाल्या.

पोरं हसली. उकंडानं मान खाली घातली. आपली लाजसुद्धा आता हाच राखतो आहे, हे बाईंना दिसलं.