खात्री करणारा फोन

हे सांगताना आजही जीभ अडखळते. पण चहा होईपर्यंत सांगून टाकतो. हसायचं ते शेवटी हसा.

मी गणिताचा निवृत्त शिक्षक, राहतो बिबवेवाडीत. येरवड्याला कर्णबधिर मुलांची एक शाळा आहे. तिथल्या कांबळेबाईंसाठी मी एक प्रोग्रॅम लिहिला होता. मुलानं 'पा' म्हटलं की पडद्यावरचा फुगा वर जातो. ज्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, त्याला तो निदान दिसतो. शुक्रवारी पालक बघायला येणार होते.

पण प्रोग्रॅम डाउनलोड केला की कॉम्प्युटर बजावायचा, 'प्रकाशक अनोळखी, धोका असू शकतो.' आणि असा इशारा आला तर इन्स्टॉल करायचं नाही, हा शाळेचा नियम. मग मी डिजिटल सहीच्या सर्टिफिकेटसाठी अर्ज केला. म्हणजे प्रोग्रॅम खरंच याच माणसाचा आहे, हे एक कंपनी तपासून सांगते. कागद दिले, ओळखपत्र दिलं. फक्त त्यांचा एक फोन यायचा राहिला होता.

तो बुधवारी आला. मी तेव्हा कुठे होतो? ज्येष्ठ नागरिक संघात, फोनवरच्या फसवणुकीवर व्याख्यान देत! अनोळखी नंबर बघून मला स्फुरणच चढलं. "आता प्रात्यक्षिक बघा," म्हणालो आणि स्पीकर लावला.

"सर, आपल्या अर्जाची खात्री करायची होती," एक मुलगी अदबीनं म्हणाली.

"कसला अर्ज? मी कुठलाही अर्ज केलेला नाही."

"पण सर, आपल्याच नावानं आलाय."

"मग कोणा भामट्यानं केला असेल. रद्द करा."

"नक्की रद्द करू?"

"आत्ताच्या आत्ता. आणि कारणही लिहून घ्या."

तिनं लिहून घेतलं. टाळ्या पडल्या. संघाच्या अध्यक्षांनी उठून माझी पाठ थोपटली.

घरी येऊन ईमेल उघडली, तर सर्टिफिकेटच्या कंपनीचा निरोप आलेला. 'अर्जदारानं स्वतः नाकारल्यामुळे अर्ज रद्द.'

शुक्रवारी फुगा उडाला नाही. बाईंनी मुलांच्या ओठांपुढे कागदाची पट्टी धरली आणि ती हलेपर्यंत एकेकाकडून 'पा' म्हणवून घेतलं. मागच्या बाकावर बसून ते बघताना मला माझीच फार लाज वाटली.

कार्यक्रम संपल्यावर बाईंना सगळं खरं सांगितलं. म्हणालो, "बाई, एकदाच नियम बाजूला ठेवा. माझ्यावर विश्वास आहे ना तुमचा?"

"पूर्ण आहे, सर," बाई पट्ट्या गोळा करत म्हणाल्या. "म्हणूनच थांबलेय. अर्ज करणारा भामटा आहे, असं आपणच सांगितलंत ना?"