पाठीवरची लाल रेघ

गोदामातून आल्या आल्या नवऱ्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. फोटोत तो खोकं उचलायला वाकला होता आणि त्याच्या पाठीवर लाल रेघ होती. कोण कसं वाकतं ते आता तिथला कॅमेरा बघतो आणि कंबर धरेल असं वाटलं की अशी रेघ ओढतो.

"गुडघ्यांत वाकून उचलायचं असतं," तो मला समजावू लागला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं त्याच पाठीला तेल चोळताना मी दुसरं काय सांगत होते? मी म्हटलं तर कटकट आणि कॅमेऱ्याने म्हटलं तर शास्त्र? लगेच घरातला सिलिंडरसुद्धा पठ्ठ्याने गुडघ्यांत वाकून उचलला! जिचा मणका न् मणका माझ्या बोटांना ठाऊक, त्या पाठीत आता भलताच कुणी लक्ष घालतोय.

धुसफुसत मी फरशी पुसायला घेतली.

"अगं, किती वाकतेस! कॅमेऱ्याने लाल केलं असतं तुला," म्हणत त्याने माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं.

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला माझी पाठ दिसली. पण तेही, त्या मेल्या कॅमेऱ्याने बघायला शिकवलं म्हणून.