बारोंगचे मागचे पाय

न्योमान सद्रा सव्वीस वर्षं नाचतोय, पण नाचताना त्याचं तोंड एकाही माणसानं पाहिलेलं नाही. कारण तो बारोंगच्या, म्हणजे आमच्या बाली बेटावरच्या नाचातल्या सोंगाच्या प्राण्याच्या, मागच्या भागात असतो. केसाळ, डोळे वटारलेल्या बारोंगला पाय चार आणि माणसं दोन. पुढचे पाय ज्याचे, त्याच्या हातात लाकडी मुखवटा, कटकट वाजणारा जबडा आणि लोकांच्या टाळ्या. मागचे पाय ज्याचे, त्याच्या वाट्याला पुढच्याची पाठ आणि पुढच्यानं सकाळी खाल्लेल्या लसणाचा वास. ढोल वाजवणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक आहे. म्हणून पुढच्या कादेक आर्साला ते न्याहारीला लसणीचं मांस आग्रह करकरून वाढतात.

सद्राला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. आत अंधार, डोळे मिटायचे, ढोल ऐकायचा, शेपूट उडवायची. वाईट वाटायला लागलं ते मेहुणीमुळे.

ही रेंतिनी, त्याच्या बायकोची थोरली बहीण. देनपासारच्या बाजारात तिचं कापडाचं दुकान, नवरा सरकारी कचेरीत. त्या नवऱ्याचे फोटो भिंतभर: फीत कापताना, हार घेताना, नुसताच उभा. मागच्या गालुंगानच्या सणाला ती माहेरच्या अंगणात बसून नारळाच्या कोवळ्या पानांच्या परड्या विणत होती. आजूबाजूला पंधरा बायका, म्हणजे ऐकायला तीस कान. तेव्हा ती म्हणाली,

"काय गं सुलात्री, तुझा नवरा खरंच नाचतो का? की कोंबडे झुंजवायला जातो आणि घरी येऊन नाचाचा घाम म्हणून दाखवतो?"

"नाचतो म्हणजे! कुणालाही विचार."

"विचारलं की. सगळे म्हणतात, बारोंग झकास. सद्राचं नाव कुणी घेत नाही. आणि पाय काय गं, पाय कुणाचेही असतात."

बायका अशा खिदळल्या की सुलात्रीचे कान लाल झाले. "पुढच्या गालुंगानला फोटोच दाखवते तुला, म्बोक. नाचतानाचा. तोंडासकट!"

बोलून बसली. गालुंगान काही वर्षानं येत नाही, दोनशे दहा दिवसांत पुन्हा दारात हजर. घरी आल्यावर तिनं नवऱ्याला धारेवर धरलं. थोरल्या बहिणीला जशी हाक म्बोक, तशी नवऱ्याला आणि वयानं मोठ्या पुरुषाला ब्ली. "ब्ली, फोटो पाहिजे."

"अगं, मी आत असतो."

"मग बाहेर या!"

"बाहेर आलो तर तो बारोंग कसला?"

अशात दीडशे दिवस गेले. सद्राची झोप उडाली. सव्वीस वर्षं ज्याला आपण नाचणं म्हणतो, ते बायकोच्या माहेरी कोंबडेबाजी ठरतंय, हे त्याच्या मनाला लागलं. आणि मग त्यांच्या अंगणापलीकडची खोली लीस्बेत नावाच्या बेल्जियमच्या बाईनं भाड्यानं घेतली. देशोदेशी हिंडून नाचांचे फोटो काढणारी, गळ्यात दोन कॅमेरे, पिशवीत तिसरा. सुलात्रीनं तिला तळलेली केळी खिलवून खिलवून आधी जाड केलं आणि मग कामाचं बोलली.

लीस्बेतनं आपले बारोंगचे चारशे फोटो उघडले. सद्रा हरखून दाखवायला लागला, "हा माझा अंगठा. ही माझी टाच. ही... नाही, ही कादेकची."

"तोंड कधी दिसतं?"

सद्रानं विचार केला. "शेपूट उडवतो तेव्हा मागचे केस वर जातात. तेवढा एक क्षण."

लीस्बेत म्हणाली, तो क्षण आपण धरू. पण मांडवात सकाळचं ऊन नाचणाऱ्यांच्या पाठीमागून येतं, आत काळोखच दिसेल. खुर्च्या उलट्या बाजूला मांडल्या आणि नाच तिकडे तोंड करून झाला, तर ऊन थेट आत जाईल.

हे नाचमंडळाच्या प्रमुखांना विचारायचं होतं. पाक सुवेचा, म्हणजे सुवेचाराव. या माणसाच्या तोंडून 'नाही' हा शब्द कधी निघालेला नाही. त्यांना दोन बायका त्याच कारणानं झाल्या, असं गावात बोललं जातं. त्यात हा पाहुण्यांसमोर नाचणारा बारोंग. देवळातला मंतरलेला वेगळा, त्याला कुणी हात लावू देत नाही. "फिरवा खुर्च्या," ते म्हणाले. "नाच तोच, पाय तेच. तालीम कसली करायची त्यात?"

इथेच सगळे फसले. आमच्याकडे डावं-उजवं ड्रायव्हर लोक म्हणतात. बाकीच्यांना एक डोंगर माहीत आणि एक समुद्र. गालाला भाताचं शीत चिकटलं, तरी माणूस सांगतो, "समुद्राकडच्या गालाला आहे बघ." सद्राला त्याच्या बापानं नाच तसाच शिकवला होता: चार पावलं उगवतीकडे, घंटा झाली की शेपूट डोंगराकडे. कादेक तरुण, हॉटेलांतून नाचलेला; तो खुर्च्या बघून नाचतो. आणि आत डोळे मिटून असलेल्याला खुर्च्या कुठून दिसणार?

दुसऱ्या दिवशी साडेनऊला नाच सुरू झाला. सुरुवातीला मागच्यानं पुढच्याच्या कमरेचा पट्टा धरायचा असतो, त्यामुळे सगळं सुरळीत. लीस्बेत पहिल्या रांगेसमोर मांडी घालून बसलेली, तिच्यामागे पाहुणे, त्यांच्यामागे आज समुद्राऐवजी डोंगर. बारोंग आडवा उभा राहिला. सद्रानं पट्टा सोडला. मोठी घंटा झाली.

कादेकनं तोंड पाहुण्यांकडे वळवलं. सद्रानं शेपूट डोंगराकडे वळवली. म्हणजे पाहुण्यांकडेच.

बारोंगचा झाला घोड्याचा नाल. तोंडही पाहुण्यांसमोर आणि ढुंगणही. पाहुण्यांना वाटलं असंच असतं. एकानं टाळ्या वाजवल्या. सद्राला शेपूट जड लागली, म्हणून त्यानं आणखी जोर लावला. आतल्या वेताच्या कड्या कडाड मोडल्या, मधली शिवण फाटली, आणि मागचा भाग पाठीवर शेपूट घेऊन पुढच्याला सोडून निघाला. ढोलवाला हसून लोळायच्या बेतात होता, पण ढोल मध्येच थांबवणं अपशकुन, म्हणून रडत रडत वाजवत राहिला. ढोल चालू, म्हणून सद्रा चालू. डोळे मिटलेले, मान डोलतेय, एकेक बोट तालावर. फाटक्यातून तोंड उघडं पडलेला तो खुर्च्यांच्या मधल्या वाटेनं डोंगराकडे नाचत गेला, आणि लीस्बेतनं नेमका तोच फोटो टिपला. कादेक अर्धा बारोंग घेऊन जबडा कटकटवत ओरडत होता, "ब्ली! अहो ब्ली! इकडे!"

एका जाड्या पाहुण्याच्या गुडघ्याला धडकल्यावर सद्रानं डोळे उघडले.

नाच संपल्यावर पाक सुवेचा घामाघूम होऊन लीस्बेतकडे आले. त्यांना 'नाही' म्हणता येत नव्हतं, म्हणून त्यांनी पाऊण तास हवेवर, भातावर, तिच्या आईच्या तब्येतीवर गप्पा मारल्या आणि शेवटी हळूच म्हणाले, "तो फोटो... असला काय, नसला काय, सारखंच की."

लीस्बेतला कळलं. तिनं सद्राकडे पाहिलं. "पुसून टाकू?"

हो म्हणणं सोपं होतं. गावभर हसं झालं होतंच. फोटो राहिला तर पिढ्यानपिढ्या झालं असतं. सद्रानं कॅमेऱ्याच्या पडद्यात डोकावून पाहिलं.

"राहू दे," तो म्हणाला. "शिवण मी घालतो, वेत माझे, शुद्धीचा नैवेद्यही माझा. पण फोटो राहू दे."

सव्वीस वर्षांत मागच्या पायांनी पहिल्यांदाच मत दिलं होतं. पाक सुवेचा 'नाही' म्हणूच शकले नाहीत.

गालुंगानला सुलात्री फोटो पदराआड धरूनच माहेरी गेली. रेंतिनीनं चष्मा लावला. तीस कान आणि पंधरा तोंडं पुढे झुकली.

"हा सद्राच. पण बारोंग कुठाय?"

"पुढचा भाग लांब राहिला," सद्रा म्हणाला.

"म्हणजे शेपूट लावून एक माणूस पाहुण्यांत घुसलाय. याला नाच म्हणायचा?"

"तोंडासकट दाखवते म्हटलं होतं, दाखवला!" सुलात्री तडकली. "आणखी काय हवंय तुला?"

रेंतिनी फोटो उन्हाकडे धरून बघत बसली. थट्टा सुचायला तिला एरवी इतका वेळ लागत नाही.

"सुलात्री, हा हसतोय गं," ती म्हणाली. "डोळे मिटून. बघ तरी, लहान मुलासारखा."

सुलात्रीनं फोटो ओढून घेतला. इतके दिवस तिनं तो पुरावा म्हणून जपला होता, नवरा म्हणून पाहिलाच नव्हता. खरंच हसत होता. सुटलेलं, तृप्त, कुणाचं काही देणं नसलेलं हसू. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती.

"ब्ली," तिनं विचारलं, "हे तोंड घरी कसं कधी दिसलं नाही मला?"

सद्रानं घोटभर कॉफी घेतली. "घरी डोळे मिटू देतेस कुठे?"

पंधरा बायकांत पहिली रेंतिनी हसली, आणि इतकी हसली की मांडीवरची परडी कलंडून फुलं अंगणभर झाली.

"नाचतो हो," ती डोळे पुसत म्हणाली. "तुझा नवरा नाचतो."