माझे लुगडे माझ्याआधी निघाले

युरोपात थंडी असते, हे भाद्रपदात सोलापुरात बसून कुणाला पटवून देणे फार कठीण. अंगावर मलमलीचा सदरा सोसवत नाही अशा त्या दिवसांत आमचे हे जाड लोकरी ओव्हरकोट घालून अंगणात उभे होते. सात रस्त्यावरच्या ज्या शिंप्याने तो शिवला, त्याने जन्मात कधी ओव्हरकोट शिवला नव्हता. एका इंग्रजी मासिकातले चित्र समोर ठेवून त्याने कापड बेतले. चित्रातला साहेब समोर तोंड करून उभा असल्यामुळे पाठीची बाजू शिंप्याने आपल्या मनाने उरकली होती. मामंजी म्हणाले, जरा चालून दाखव. ह्यांनी दोन फेऱ्या मारल्या, घामाने निथळले आणि कोट टाकून न्हाणीघरात पळाले. मामंजींनी कोट उत्तम झाल्याचा निर्वाळा दिला.

हे डोळ्यांचे डॉक्टर. शरद ऋतूपासून पुढे तीन-चार महिने व्हिएन्नाला राहून तिथल्या मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली शिकायचे, असे त्यांचे दोन वर्षांपासून चालले होते. आता सगळे जुळून आले होते. ओसरीवर दोन नव्या कोऱ्या ट्रंका येऊन पडल्या होत्या आणि येणारा-जाणारा त्यांत डोकावून सल्ला देत होता. कुणी म्हणे फ्लॅनेलचे सदरे घ्या, कुणी म्हणे कानटोपी घ्या. एक वकील शेजारी तर म्हणाले, तिकडे अंघोळ करायचीच नसते, तेव्हा पंचे कशाला नेता?

ह्यांचे जायचे नक्की होते. माझे नव्हते. आणि मला जायचे होते. उगाच आढेवेढे न घेता सांगते, मला इतके जायचे होते की ताटातले अन्न गोड लागत नव्हते. ह्यांचे एक स्नेही तिकडून जाऊन आले होते. ते सांगत, त्या दिवसांत तिथली झाडे नखशिखांत तांबडी होतात, आणि मग एक दिवस सगळी पाने रस्त्यावर येतात, माणसे त्यांच्यातून चालतात. मी आयुष्यात धुळीने माखलेला कडुनिंब पाहिला होता. ती तांबडी झाडे माझ्या डोळ्यांपुढून हलेनात.

तसे पाहिले तर अडचण कशाचीच नव्हती. माझ्या वडिलांनी भाड्याची सोय केली होती. पासपोर्टावर ह्यांनी आपल्या फोटोशेजारी माझाही फोटो आशेने लावून घेतला होता. बोटीच्या कचेरीने माझी जागा धरून ठेवली होती, फक्त गणपती उठायच्या आत तार करून हो किंवा नाही कळवायचे होते. अडचण होती ती आत्याबाईंची. आत्याबाई म्हणजे मामंजींची थोरली बहीण. लहानपणी नवरा गेल्यापासून त्या भावाच्या घरी असत, आणि घर भावाचे असले तरी शब्द त्यांचा चाले. मामंजी कोर्टात शिरस्तेदार होते, तिथे भल्याभल्यांना दरडावत, पण घरी बहिणीने नुसते खाकरले तरी वर्तमानपत्र वर करून त्याच्यामागे जात. आत्याबाईंचे म्हणणे असे, की मुलगा विद्येसाठी जातो आहे, त्याने जावे. सुनेचे तिथे काय काम? कुणाच्या हातचे खाणार, सोवळे कसे सांभाळणार, आणि बाईमाणसाने पायांत मोजे चढवून चारचौघांत हिंडायचे म्हणजे अगदीच ताळ सुटला.

उरल्या सासूबाई. त्यांचे मत काय हे मला चार वर्षांत कशाच्याच बाबतीत कळले नव्हते. काही विचारले की त्या "बघू" म्हणत. आमटीत गूळ घालू का, बघू. मंगळागौरीला माहेरी जाऊ का, बघू. युरोपला जाऊ का म्हणून ह्यांनी माझ्यासाठी विचारले, तेव्हाही त्यांनी तांदळातला खडा काढून बाजूला टाकला आणि म्हणाल्या, "बघू." मला असा राग आला की मी परातीवर परात आपटली. ह्यांचे सदरे ट्रंकेत भरताना मी घड्या घालत नव्हते, ठोसे देत होते.

राग एका बाजूला, पण तयारी मी सोडली नव्हती. पुण्याच्या माझ्या भावाने काळे बूट आणि काळे लोकरी पायमोजे गुपचूप पाठवून दिले होते. ते मी माडीवरच्या गोधड्यांच्या चवडीत खाली दडवले होते. दुपारी सगळे आडवे झाले की मी वर जायची, काष्टा सावरायची, मोजे ओढायची, बूट घालायची आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायला शिकायची. पहिल्या दिवशी कपाटावर आदळले. मग युक्ती सुचली, आधी नुसत्या मोज्यांवर चालावे, पाय सरावले की बूट घालावेत. त्या खरबरीत फरशीवर मोज्यांच्या टाचा झिजून त्यांना भोके पडली. आरशात वरून पाहिले तर नऊवारी, नथ, अंबाडा, आणि खालून एखादा पोलीस. मला माझेच हसू आवरेना. खाली आत्याबाई घोरत होत्या, म्हणून तोंडात पदर कोंबून हसले.

त्याच आठवड्यात सांगोल्याकडचा एक म्हातारा धनगर आला. ह्यांनी त्याचा मोतीबिंदू काढला होता. खांद्यावरची नवी घोंगडी त्याने ओसरीवर ठेवली.

"डागदर, तितं लई थंडी आसती म्हनं. ह्ये पांघरा."

ह्यांनी त्याला बसवून घेतले. त्याने उघड्या ट्रंका नव्या डोळ्याने नीट न्याहाळल्या. सगळे कपडे पुरुषाचे.

"आन् वैनी? त्या न्हाईत व्हय जायच्या?"

इतके दिवस जो प्रश्न घरात सगळे टाळत होते तो त्याने असा सहज टाकला. मामंजींचे वर्तमानपत्र वर गेले. आत्याबाई म्हणाल्या, बाईमाणूस इतक्या लांब कुठे जाते?

"आमी मेंढरं घिऊन निगतो तवा बिऱ्हाड संगंच आसतंय की," म्हातारा म्हणाला. "भाकरी कोन थापनार?"

आत्याबाईंनी त्याला हा प्रवास निराळा असल्याचे सांगितले. त्याने मान हलवली, पण पटल्याचे दिसले नाही. दाराआड उभी राहून मी ऐकत होते. त्याला मी न मागता दुसरा पेला चहा दिला. सासूबाईंनी घोंगडी उचलून हातांनी चाचपली, दोन्ही टोके लांबवून पाहिली आणि म्हणाल्या, "रुंद आहे हो चांगली." एवढे बोलून त्या ती आत घेऊन गेल्या.

आता मुहूर्ताचा घोळ निघाला. बोट सुटणार होती ती नेमकी पितृपक्षात. त्या पंधरवड्यात कुणी साधी मोरी बांधायला काढत नाही, मग समुद्र ओलांडणे दूरच. भटजींनी पंचांग उलटेपालटे केले आणि सांगितले की गणपतीतच चांगला दिवस आहे, त्या दिवशी प्रस्थान ठेवा. प्रस्थान ठेवणे हा प्रकार आता फारसा कुणाला माहीत नसेल. चांगल्या दिवशी माणसाला निघता येत नसेल, तर त्याच्या नेसत्या वस्त्रांचे गाठोडे, आत सुपारी आणि हळकुंड घालून, जायच्या दिशेच्या दुसऱ्या एखाद्या घरी नेऊन ठेवायचे. म्हणजे तो माणूस त्याच दिवशी निघाला असे धरतात. पुढे खरोखर निघेल तेव्हा ते गाठोडे वाटेत उचलून घ्यायचे. नियम एकच, पण कडक: उंबरठ्याबाहेर गेलेले प्रस्थान परत घरात आणायचे नाही. ते अशुभ.

आदल्या संध्याकाळी माझे मोजे नाहीसे झाले. गोधड्यांखाली हात घातला तर बूट होते, मोजे नव्हते.  कुणाला सापडले असतील? आत्याबाईंना सापडले असते तर एव्हाना गल्लीला कळले असते. उंदराने नेले म्हणावे तर एकाच वेळी दोन्ही कसे नेईल? विचारायचे तरी कुणाला? रात्री मी आत्याबाईंच्या तोंडाकडे चोरून पाहत भाकरी वाढत होते.

सकाळी सासूबाईंनी देवघरात बसून गाठोडे बांधले, ह्यांच्या हाती दिले. स्टेशनच्या वाटेवर, पश्चिमेला, तेलुगू बोलणाऱ्या विणकरांचे घर होते. तिथल्या बाईंना आम्ही अक्का म्हणत असू. गाठोडे ह्यांनी त्यांच्याकडे नेऊन ठेवले. मी आत पुरणाशी झटत होते, मला त्यातले काही पाहायला मिळाले नाही. ह्यांचे जाणे आता पक्के झाले, आणि दोन दिवसांनी गणपती उठणार. मी पाटावरवंट्याशी बसून सरळ रडून घेतले. धूर होताच, कुणाला कळले नाही.

दुपारी आत्याबाई प्रस्थान नीट उंचावर ठेवले आहे की नाही हे पाहायला जातीने अक्कांकडे गेल्या, आणि गेल्या पावली परत आल्या. ओसरीवर आल्या त्या तांबड्यालाल होऊन.

"गाठोडं कशात बांधलंस गं? ते हिचं लुगडं आहे. हिरवं इरकली."

सासूबाई वाती वळत होत्या. त्यांनी हात थांबवला.

"हो का, वन्सं? अगबाई. घाईत हाताला आलं ते गुंडाळलं." मग अगदी गरीब आवाजात म्हणाल्या, "जाऊन परत आणू का?"

"प्रस्थान परत आणतात? डोकं ठिकाणावर आहे का तुझं? पोरगा समुद्रावर जायचा आहे."

"मग कसं करायचं?"

 मामंजींचे वर्तमानपत्र पुन्हा वर गेले. आत्याबाई खांबाला टेकून उभ्या होत्या. त्या वाईट नव्हत्या. पुतण्यावर त्यांचा जीव होता, आणि नियम त्यांना स्वतःहून मोठा वाटे. शेवटी त्या म्हणाल्या, "सवाष्णीचं नेसतं वस्त्र निघालं म्हणजे ती निघाली. आता तिला मागं ठेवून चालायचं नाही." आणि माझ्याकडे वळून, जणू मीच वेळ लावत होते अशा सुरात, "उभी काय राहिलीस? त्याला सांग तार करायला."

हे तार करायला इतक्या घाईने गेले की पायांत एक वहाण त्यांची होती आणि एक मामंजींची.

त्यानंतरचे दिवस म्हणजे नुसती धांदल. ज्या आत्याबाईंचा विरोध होता त्याच आता सेनापती झाल्या. भाजणी, मेतकूट, सांडगे, शेंगांची चटणी, असे डबे येत गेले, आणि माझ्या ट्रंकेत कपड्यांसाठी कोपरा उरला. काय नेसायचे यावर आमची जुंपली. मला पाचवारी पातळे हवी होती, बूट-मोजे झाकले जातील म्हणून. त्या म्हणाल्या, काष्टा सोडायचा नाही, बोटीच्या शिडीवर वारा सुटला म्हणजे काय करशील? ते त्यांचे म्हणणे पुढे एडनला उतरताना तंतोतंत पटले. अक्कांच्या यजमानांनी मागावरची जाड चादर उतरवून दिली. तिची माझ्यासाठी लांब बाह्यांची बंडी सात रस्त्यावरच्या त्याच शिंप्याने शिवली. चादरीवरचे भले मोठे फूल त्याने बरोबर पाठीवर आणले. अक्का म्हणाल्या, "काय वो वैनी, गर्दीत चुकलात तर डॉक्टर लगेच ओळखतील की." मोज्यांचा मात्र पत्ता लागला नाही. भावाला दुसरे पाठवायला लिहिले, पण ते वेळेत आले नाहीत.

निघायच्या दिवशी सासूबाईंनी माझी ओटी भरली.  मी पाया पडले तेव्हा त्यांचा हात माझ्या पाठीवर जरा वेळ राहिला, एवढेच. आत्याबाईंनी बजावले की वाटेत प्रस्थान उचला, आणि गाडी सुटल्याशिवाय त्याची गाठ सोडू नका. अक्कांनी दारातच गाठोडे माझ्या हातात दिले. तसे ते हलके होते.

जेऊरला गाडी बराच वेळ थांबली. बाहेर रखरखीत माळ, फलाटावर दोन शेळ्या. मी गाठोडे मांडीवर घेऊन माझ्याच लुगड्याची गाठ सोडली. वर ह्यांचे धोतर होते. त्याच्यावर दोन सुपाऱ्या, दोन हळकुंडे. खाली माझा कुंकवाचा करंडा, जो मी घरी शोधून शोधून सोडून दिला होता. आणि सगळ्यांत तळाशी, एकात एक गुंडाळलेले, माझे काळे मोजे. धुतलेले होते. दोन्ही टाचांची भोके रफू केलेली होती. काळी लोकर मिळाली नसावी, म्हणून अक्कांच्या मागावरच्या तांबड्या सुताने, बारीक, जवळजवळ टाके घालून.

म्हणजे दुपारची माझी ती परेड सासूबाईंनी खाली पडल्या पडल्या ऐकली होती. सगळी.

ह्यांनी विचारले, काय झाले? मी म्हटले, इंजिनातला कोळसा गेला डोळ्यात. डोळ्यांचे डॉक्टर ते. लगेच रुमालाचे टोक पिळून पुढे सरसावले, माझी पापणी वर करून उजेडाकडे वळवली, आधी एक डोळा, मग दुसरा, अगदी कसून पाहिले. त्यांना काही सापडले नाही.