जिभलेकाकांची तब्येत

नव्या हापशाला आधी गाळ येतो, मग दुधट पाणी, मग स्वच्छ. त्या स्वच्छ पाण्याचा पहिला पेला हापसे बसवणारा तो मिस्त्री स्वतः प्यायचा. घोट तोंडात धरून डोळे मिटायचा. भोवतालची माणसं श्वास रोखून त्याच्या कंठाकडे बघत राहायची. घोट खाली उतरला की हापसा तिथेच बसायचा; थुंकला की जागा बदलायची. चाळीस वर्षं हाच नेम. त्यावरून लोक त्याला जिभलेकाका म्हणू लागले. खऱ्या नावानं फक्त बायको हाक मारायची, आणि ती आता नव्हती.

स्वतःच्या गल्लीतला हापसाही काकांनीच बसवला होता. "अमृत आहे," असं तेव्हा म्हणाले होते.

त्या अमृतावर गल्ली वाढली आणि मग एकेक माणूस गळू लागलं. आधी समोरचा शिंपी. मग कोपऱ्यावरच्या मास्तरीणबाई. मग काकांची बायको. प्रत्येकाला आधी लघवीतून रक्त गेलं, मग डॉक्टरांनी मूत्रपिंडात गाठ दाखवली. पाण्याचा विषय निघाला की कुणीतरी काकांकडे बोट करायचं. "पाण्याला बोल लावू नका. सगळ्यांत जास्त हा माणूस प्यायलाय. बघा कसा ठणठणीत आहे!" काकांना ते ऐकायला बरं वाटायचं.

पुढे एक डॉक्टरीणबाई तपासणीला आल्या. हापशाचं पाणी, घरोघरचं रक्त, लघवी, नखांचे तुकडेसुद्धा घेऊन गेल्या. दोन महिन्यांनी त्यांनी काकांना आणि त्यांच्या मुलीला दवाखान्यात बोलावलं.

"पाण्यात सोमल आहे, म्हणजे आर्सेनिक," बाई म्हणाल्या. "जमिनीतूनच येतो. त्याला चव नाही, वास नाही, रंग नाही."

काकांनी विचारलं, "मग मी कसा जिवंत?"

"शरीर सोमलाचं रूप बदलत बदलत तो लघवीवाटे बाहेर टाकतं. कुणाचं हे काम झपाट्यानं होतं, कुणाचं अर्धवट राहतं. ती ठेवण आईबापाकडून येते. अर्धवट राहिलं की जास्त घातक सोमल अंगात रेंगाळतो आणि कॅन्सरचा धोका वाढतो. सगळ्यांनाच होतो असं नाही. पण धोका वाढतो. तुमचं झपाट्यानं होतं, काका."

"म्हणजे मी नुसती मोरी. आलं तसं गेलं."

बाई हसल्या नाहीत. "तुमच्या मुलीचं अर्धवट राहतं. गाठ अजून कुठे दिसत नाही, पण तळव्यांवर सोमलाच्या खुणा उठल्यात. हे पाणी मात्र आजपासून बंद."

मुलगी म्हणजे बापाची हुबेहूब नक्कल. तेच नाक, तीच चाल, तीच भिंती हादरवणारी शिंक. सगळे म्हणायचे, बापावर गेलीय, शंभरी गाठेल. तिनं मांडीवर हात पालथे ठेवले होते. काकांनी ते उलटून पाहिले. तळव्यांवर मोहरीएवढे टणक दाणे होते. असेच दाणे तिच्या आईच्या तळव्यांवर होते. "धुण्याचे घट्टे आहेत, वेडे," असं ते बायकोला म्हणाले होते.

घरी येताच मुलीनं सवयीनं कळशी उचलली.

"ठेव ती खाली."

"दुसरं पाणी कुठून आणू, बाबा? मैलभर चालून? एवढी वर्षं प्यायलेच ना. तुम्हीही प्यायलात."

"मी प्यायलो म्हणूनच तर..." काकांनी कळशी तिच्या हातून काढून घेतली.

ते घरोघर सांगत फिरले. शिंप्याची बायको म्हणाली, "भावजी, आरशात बघा जरा. गालावर लाली आहे या वयात!" न्हावी म्हणाला, "काका, तुम्ही मरून दाखवा, मग ऐकतो." सगळे हसले. न्हाव्याच्या दुकानातल्या आरशात काकांना एक धडधाकट म्हातारा दिसला. इतकी वर्षं तो खोटी साक्ष देत दारोदार उभा होता, आणि त्याला गप्प करणं काकांच्या हातात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी हापशाचं डोकं उतरवलं. आतल्या पाइपांची माळ थोडी वर ओढून ती धरून ठेवायला शिकंजा लावला. गल्ली जमली.

"आमच्या तोंडचं पाणी पळवता होय?" शिंप्याची बायको ओरडली.

"काढू दे गं," न्हावी म्हणाला. "संध्याकाळी दुसरा मिस्त्री आणू, नवे पाइप घालू. भोक कुठे पळून जातंय?"

काकांचे हात थांबले. खरंच होतं ते. त्यांनी मुलीला हाक मारली. "शिकंज्याची मूठ धर. मी वरचा जोड सोडवतो."

तिनं मूठ धरली. जोड सुटला. आता पाइपांचं सगळं वजन तिच्या हातांवर होतं. खालच्या अंधारातून गार वारा तिच्या तोंडावर येत होता.

"आता सोड," काका हळूच म्हणाले. "माळ खाली पडली की भोक कायमचं बुजलं. मग कुणाचा बापही ते उघडू शकणार नाही."

"धर, पोरी! सोडू नकोस!" मागून चारपाच जण एकदम ओरडले.

तिनं बापाच्या लालबुंद गालांकडे पाहिलं. मग स्वतःच्या हातांकडे. मुठीखाली तळव्यातले दाणे तिला एकेक करून टोचत होते.

तिनं मूठ सोडली.

पाइप भिंतींवर आपटत, किंचाळत खाली गेले. आवाज कितीतरी वेळ उतरतच राहिला. सगळी गल्ली भोकाभोवती वाकून, तो कधी तळाला लागतो ते ऐकत होती.